जरीपटक्याच्या सह्या

कॅनडा
८ ऑक्टोबर २०२४

सिंधूताईले सप्रेम जय भीम,

तुझ्या कानाचं मशीन अजून दुरुस्त झालं नाही म्हणे. फोनवर मी ओरडणार, तू 'काय? काय?' करणार, आणि शेवटी दोघंही चिडून ठेवणार. त्यापेक्षा लिहून राहिलो. रितिका तिच्या मोबाइलवरून तुले छापून देईन. तुझी सून आहे म्हणून आपलं बहीण-भावाचं टपाल चालू आहे.

ताई, पास झालो! इथल्या फार्मासिस्टच्या दोन्ही परीक्षा. तुझी भावजय भावना बेकरीतल्या कामावरून आली तेव्हा मी दारातच कागद घेऊन उभा होतो. तिले वाटलं तिकडे नागपुरात कोणी वारलं. दारात उभं राहून काही चांगलं सांगायची सवयच राहिली नाही न. कागद वाचला आणि चप्पल न काढताच पलंगावर बसून रडली.

आता एकच गोष्ट राहिली, पण तीच मोठी आहे. मारोतरावांच्या मेडिकलात मी पंधरा वर्षं फार्मासिस्ट म्हणून उभा राहिलो, ती वर्षं इथल्या औषध मंडळानं अनुभव म्हणून धरली तर लायसन्स मिळते. नाही धरली तर दोन वर्षं कोणत्या तरी दुकानात शिकाऊ म्हणून राहा लागते. आणि माझ्या वयाचा शिकाऊ घ्यायले इथं कोणी तयार नाही, मी गावभर विचारून पाहिलं. म्हणजे धरली तर धरली, नाही तर परीक्षा पास होऊन बी मी जिथं आहे तिथंच.

मारोतरावांचं अनुभवाचं पत्र रितिकानं पाठवलं होतं, ते मंडळाले पोचलं. पण ते म्हणतात, यात नुसत्या तारखा आहेत. हा माणूस काउंटरवर पेशंटशी कसा वागत होता, काय करत होता, हे यातून समजत नाही. पुढच्या महिन्यात मुलाखतीले बोलावणार आहेत.

सध्या किराणा मालाच्या मोठ्या दुकानात रॅकवर डबे लावतो. त्याच दुकानात एका टोकाले औषधांचं काउंटर आहे. रोज त्याच्या समोरून गाडा ढकलत जातो आणि स्वतःले सांगतो, इथून तिथंच तर जायचं आहे.

कान दाखवून घेजो. टाळाटाळ करू नको.

तुझा
नागसेन


जरीपटका, नागपूर
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय नागसेन,

जय भीम. तू पास झाला म्हणून मी गल्लीत पेढे वाटले. लोकाईले वाटलं दिवाळीचे आहेत. मी म्हटलं, दिवाळी तुमची, पेढे माझ्या भावाचे.

पण पुढचं वाचून डोकं असं तापलं म्हणून सांगू! कसा वागत होता म्हणून विचारतात? अरे बापा, विमानात बसा म्हणा आणि या जरीपटक्याच्या बाजारात. भाजीवालीपासून पोलिसापर्यंत कोणालेही विचारा म्हणा.

ते काही येणार नाहीत. म्हणून मीच कागदानं त्याईच्याकडे जाऊन पोचली.

तुले माहीत आहे, महापालिकेच्या शाळेत मी जन्मभर पोट्टे शिकवले, पण माझं खरं काम म्हणजे निवेदन. गल्लीतला नळ निवेदनानं आला. शाळेसमोरचा गतिरोधक निवेदनानं आला. विहारामागचा कचरा उचलून नेला तो बी निवेदनानंच. साहेब कोणताही असो, सह्यांची चवड पाहिली की खुर्चीतून उठते. तर मी म्हटलं, कॅनडाचा साहेब का वेगळ्या मातीचा आहे?

विहारात बसून मसुदा केला. 'विषय : श्री. नागसेन रामटेके यांना औषधविक्रीचा परवाना मिळणेबाबत.' खाली अडीचशेच्या वर सह्या. आणि नुसत्या सह्या नाही, ज्याले जे आठवलं ते त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. मनकर्णानं सांगितलं, धुळवडीच्या दिवशी सगळे दवाखाने बंद होते, माझ्या श्वेताले दम्याचा झटका आला, पोट्टी निळी पडली, तवा नागसेनभाऊ अंगावर रंग घेऊन धावत आले, शटर उघडलं, वाफेची मशीन लावली, इंजेक्शन दिलं. चंपतराव शिंपी म्हणे, डॉक्टरनं लिहिलेली बीपीची गोळी मले भारी पडत होती, नागसेननं आपल्या मनानं अर्धी करून दिली, तवापासून चक्कर नाही. असे एकावर एक. आणि सगळ्यांनी मिळून एक वाक्य शेवटी ठळक टाकायले लावलं, 'गेली पंधरा वर्षे आमच्या वस्तीस डॉक्टरची गरज भासली नाही.'

इंग्रजी रितिकानं केलं. मधेच थांबली आणि म्हणे, "आई, चिठ्ठीशिवाय औषध दिलं हे लिहायचं का?" मी म्हटलं, "अवं, तेच तर लिहायचं आहे! चिठ्ठी पाहून तर कोणीही देते."

मारोतरावांचं पत्र ज्या पत्त्यावर गेलं होतं, त्याच पत्त्यावर रितिकानं मोबाइलवरून पाठवलं. पोच बी आली. तुले आधी सांगितलं नाही, म्हटलं मुलाखतीत त्याईच्याच तोंडून ऐकू दे.

भावनाले सांगजो, रडायचे दिवस संपले.

तुझी
ताई


कॅनडा
१९ नोव्हेंबर २०२४

ताई,

हे काय केलं वं तू?

आज मुलाखत झाली. समोर तिघं बसले होते आणि मधोमध तुझं निवेदन. प्रत्येक ओळीखाली पिवळी रेघ. खरं सांगू, पहिले मले बरं वाटलं. मी सह्या ओळखल्या. चंपतराव 'च' काढतात तो कैचीसारखा, तो दिसला. मनकर्णाचा अंगठा दिसला. इतक्या दूर ते सगळे माझ्यासाठी आले होते.

मग त्यातल्या बाईनं विचारलं, त्या मुलीले इंजेक्शन दिलं, ते कोणत्या डॉक्टरच्या सांगण्यावरून? गोळी अर्धी केली, ती डॉक्टरले विचारून केली का? आणि शेवटचं वाक्य तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'डॉक्टरची गरज भासली नाही.' दोनदा वाचलं. मले विचारलं, याचा अर्थ काय?

मी म्हटलं, मले आठवत नाही.

आठवत नाही! ताई, त्या पोट्टीचे ओठ मले मरेपर्यंत आठवतील. आणि मी शाळेतल्या चुकार पोट्ट्यासारखा मान खाली घालून 'आठवत नाही' म्हणत बसलो.

तुम्ही सगळ्यांनी ज्याच्यासाठी मले डोक्यावर घेतलं, ते इथं एकेक करून गुन्हा म्हणून लिहून घेतलं. इथं फार्मासिस्टनं चिठ्ठीबाहेर पाऊल टाकलं की त्याचं लायसन्स जाते, आणि माझ्याकडे तर ते अजून आलंच नाही. फाइल थांबवली आहे. चौकशी लावली आहे. मुलाखतीपर्यंत माझ्या नावावर काही चांगलं नव्हतं, पण वाईट तरी नव्हतं.

मले एका शब्दानं विचारलं का नाही? रितिका विचारत होती तर तिचं ऐकायचं होतं. पण तू कोणाचं ऐकशील? तू कायमची हेडमास्तरीण. सगळं जग तुझा वर्ग.

जास्त लिहिलं तर अजून काही तोंडातून जाईन. थांबतो.

नागसेन


जरीपटका, नागपूर
२१ डिसेंबर २०२४

नागसेन,

महिना झाला, मी लिहिलं नाही. पहिले आठ-दहा दिवस रागानं लिहिलं नाही. हेडमास्तरीण म्हटलं ना तू? हाव, आहे मी. नंतर राग गेला आणि भीती वाटायले लागली, म्हणून लिहिलं नाही.

रितिकाले मी तुझं पत्र वाचायले दिलं. 'मी सांगत होती न' असं तोंडावर म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नुसता चहा आणून ठेवला.

मले एक सांग बाबू, मोठी बहीण म्हणून नाही, मले समजत नाही म्हणून विचारून राहिली. त्या दिवशी तू शटर उघडायचंच नव्हतं का? मनकर्णा पोट्टीले उचलून दारात उभी होती, तवा तिले म्हणायचं होतं का, की चिठ्ठी आण? ते लोक तिथं असते तर त्याईनं काय केलं असतं? हे मले कोणी सांगत नाही.

मी मारोतरावांकडे गेली होती. ते म्हणे, "बाई, कायद्यात तर ते इकडे बी बसत नाही. इकडे कोणी पाहत नाही म्हणून चालते." मी म्हटलं, "मग पंधरा वर्षं काहून करू दिलं?" ते गल्ला पुसत पुसत म्हणे, "नसतं करू दिलं तर गिऱ्हाईक समोरच्या मेडिकलात गेलं असतं."

मी तिथं बाकड्यावर बसूनच राहिली. जे मी तुझं मोठेपण म्हणून गावभर सांगत होती, ते मारोतरावांच्या लेखी धंदा होता. आणि त्या मंडळाच्या लेखी गुन्हा. मग ते खरं कोणाचं होतं रे? तुझं तर होतं ना? का मीच वेडी?

चुकली असीन तर चुकली. पण नुसतं माफ कर म्हणून काय होते? माफीनं कोणाची फाइल हलते? काही करता येत असन तर काम सांग. ऊन-पाऊस काही पाहणार नाही.

ताई


कॅनडा
१४ जानेवारी २०२५

ताईले जय भीम,

मागच्या पत्रात जे बोललो ते बोललो. तू काम सांग म्हटलं, म्हणून सांगून राहिलो. भावना हे पत्र लिहू नको म्हणत होती. दोन दिवस आमचं बोलणं नाही.

इथं एक सल्लागार बाई भेटली, पंजाबकडची. माझ्यासारख्यांचीच कामं करते. ती म्हणे, वाट अजून पुरती बंद नाही. ज्या लोकाईनं निवेदनात लिहून दिलं, त्याईनंच आता लिहून दिलं की आम्ही प्रेमापोटी वाढवून लिहिलं, प्रत्यक्षात नागसेन डॉक्टरची चिठ्ठी पाहिल्याशिवाय काही देत नव्हता, तर मंडळ पहिला कागद बाजूले ठेवू शकते. मग उरते मारोतरावांचं पत्र, आणि नुसत्या तारखा. नुसत्या तारखाच बऱ्या होत्या.

सगळ्यांकडे नाही जावं लागणार. ज्याईच्या गोष्टी लिहिल्या तेवढेच. पण मनकर्णाचं लागेलच. तिचं नाव मंडळानं फार वेळा घेतलं.

तू विचारलं, शटर उघडायचं नव्हतं का. ताई, मी रोज डबे लावताना हेच डोक्यात घेऊन फिरतो. उघडायचंच होतं. पण हे बोलायची जागा मले आता कुठं राहिली नाही. इथं बोललो तर लायसन्स गेलं. आणि तिकडे तुले तर मी त्याच्या उलटं लिहून आणायले सांगून राहिलो.

तुले नाही जमलं तर मी काही म्हणणार नाही. खरंच नाही म्हणणार.

तुझा
नागसेन


जरीपटका, नागपूर
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय नागसेन,

जमलं. कागद रितिकानं आजच पाठवले. कसं जमलं ते विचारशील, म्हणून सांगते. नाही सांगितलं तर मले झोप लागणार नाही.

चंपतराव पहिले. मशीनवर बसले होते. मी सांगितलं तसे हसायले लागले. म्हणे, "बाई, आमचा नागसेन मोठा होते ना? मग मी जन्मात गोळीच खाल्ली नाही म्हणून लिही. मी मेलो होतो म्हणून लिही, त्याच्यावर बी सही करतो." आणि केली. तिथून निघताना मले वाटलं, चला, सोपं आहे.

सोपं नव्हतं. पुढच्या घरी दार अर्धंच उघडलं. जी बाई मले ताई-ताई करत फिरे, ती म्हणे, "आधी खरं म्हणून सही घेतली, आता खोटं म्हणून घेता? आमच्या सहीले काही किंमत आहे का नाही?" एकानं तोंडावर सांगितलं, यापुढे नळासाठी या का नालीसाठी या, माझ्या दारात कागद घेऊन येऊ नका. काही लोकाईनं गुपचूप सही केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. विहारात मी गेली की बोलणं थांबते आता. परवा वस्तीच्या दिव्यांसाठी निवेदन निघालं, ते माझ्याकडे आणलंच नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं. मसुद्यात चार चुका होत्या, मी बोलली नाही.

मनकर्णाकडे मी शेवटी गेली. चार दिवस तिच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आली होती.

श्वेता घरीच होती. अकरावीत आहे आता, उंच झाली. अभ्यास करून राहिली होती. मी मनकर्णाले कागद वाचून दाखवला. 'सदर दिवशी श्री. नागसेन यांनी माझ्या मुलीस कोणतेही इंजेक्शन अथवा औषध दिलेले नाही.' रितिका म्हणे असंच स्पष्ट लागते. मनकर्णानं दोनदा वाचायले लावलं. मग विचारलं, "भाऊले याचा फायदा होते?" मी म्हटलं, हाव. "मग आण." शाई लावली, अंगठा केला. बोट किती वेळ पदराले पुसत राहिली.

श्वेतानं पुस्तक मिटलं. मग म्हणे, "आजी, मग मले कोणी वाचवलं म्हणून सांगू?"

इतके पोट्टे शिकवले, कोणत्या प्रश्नाले उत्तर नाही असं झालं नव्हतं. मी म्हटलं, "कोणाले सांगू नको."

तिनं कागद ओढला आणि आईच्या अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून सही केली. इंग्रजीत. चांगली सही आहे पोट्टीची.

घरी येऊन मी ते सगळे कागद पुन्हा वाचले. त्यात तू कुठंच नाही. चिठ्ठी पाहून गोळी देणारा, शटर न उघडणारा कोणी दुसराच माणूस आहे. मले त्या माणसाचा राग येते, पण त्याच्यामुळे तुझं काम होत असन तर त्याचं बी भलं होवो.

आता तरी ते हाव म्हणतील ना?

तुझी
ताई


कॅनडा
३० एप्रिल २०२५

ताईले सप्रेम जय भीम,

लिहायले उशीर झाला. रितिकानं दोनदा विचारलं, तिले मी 'अजून काही नाही' म्हणत होतो. खरं म्हणजे निकाल येऊन बरेच दिवस झाले.

नाही म्हणाले.

त्याईनं तुझे दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. तीच माणसं, त्याच सह्या, आणि एकदा हो, एकदा नाही. म्हणतात, यातलं कोणतं खरं ते आम्हाले ठरवता येत नाही, म्हणून या ठिकाणाहून आलेला कोणताच कागद आम्ही धरत नाही. मारोतरावांचं पत्र बी त्यातच गेलं. त्या नुसत्या तारखा बी गेल्या. अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहिलं आहे. पुन्हा अर्ज करायचा नाही, असंही लिहिलं आहे. ती सल्लागार बाई म्हणे, असं होईन वाटलं नव्हतं. आता फोन उचलत नाही.

तू स्वतःले दोष देऊ नको. पहिलं निवेदन तुझं होतं, पण दुसरं माझं होतं. आणि तुझं तर खरं होतं.

परत ये म्हणशील. भावना बी म्हणते. पण येऊन कुठं उभा राहू? मारोतरावांच्या काउंटरवर? समोरून चंपतराव आले, मनकर्णा आली, तर त्याईच्याकडे कोणत्या तोंडानं पाहू? त्याईनं माझ्यासाठी स्वतःच्या तोंडातला शब्द मागे घेतला, आणि मी त्याचं काहीच केलं नाही. इकडे मी फार्मासिस्ट नाही. तिकडे बी आता नाही, तसं लिहूनच आलं आहे.

एक गोष्ट मात्र तुले सांगायची आहे. भावनाले बी सांगितली नाही.

मागच्या आठवड्यात मी रॅकवर सफरचंदाच्या रसाचे खोके लावून राहिलो होतो. एक म्हातारा आला, एकटाच. रॅकले धरून उभा राहिला. घामानं डबडबला होता, हात थरथरत होते, आणि मले काहीतरी असंबद्ध विचारत होता. मी लांबूनच ओळखलं. साखर उतरली होती. जरीपटक्यात असे आठवड्याले दोन तरी येत. माझ्या हातातच रसाचा खोका होता ताई. फोडून तोंडाले लावला असता तर झालं असतं. त्याले लायसन्स कायले लागते? तुझ्या शाळेतला पोट्टा बी करेल.

पण माझा हात उठेच ना. डोळ्यासमोर ती पिवळी रेघ. कोणाच्या सांगण्यावरून दिलं? मी खोका खाली ठेवला, दोन पावलं मागे सरलो आणि दुकानाच्या साहेबाले बोलावलं. साहेब येईपर्यंत म्हातारा खाली बसला, मग आडवा झाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही असं केलं. मग दवाखान्याची गाडी आली, घेऊन गेले. पुढे त्याचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं बी नाही.

संध्याकाळी साहेबानं मले सगळ्यांसमोर बोलावलं. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, नागसेन, तू अगदी बरोबर वागला. हात लावला नाही, शांत राहिला, नियमानं केलं. तुझ्यासारखी समज सगळ्यांले पाहिजे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

या देशात आल्यापासून माझ्या कामाचं कोणी कौतुक केलं ते हे पहिलंच.

मी थँक यू म्हटलं, आणि उरलेले खोके लावून घरी आलो.

तुझा
नागसेन